मागीलदारच्या तळ्याचा जैविक फिल्टर: कोकणातल्या हलक्या पाण्यातल्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२४, रविवार

तळं तीन वर्षांपूर्वी बांधलं. कुडाळ तालुक्यातलं घर, मागीलदारी माडांच्या दोन ओळींमध्ये जागा होती. जांभ्याचे चिरे, आतून सिमेंटचा गिलावा. १० फूट लांब, ६ फूट रुंद, पाणी अडीच फूट. घनफुटांना २८.३ने गुणलं की लिटर मिळतात, म्हणजे साधारण ४,२५० लिटर. मासे: ६ कोई, ९ गोल्डफिश आणि डासांसाठी सोडलेले गप्पी, ज्यांची मोजदाद आता कुणालाच जमणार नाही.

आजवर फिल्टर नव्हता. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी उपसून माडांना द्यायचं आणि विहिरीचं नवीन भरायचं. माड खूश होते. पण शिमगा जवळ आला की विहीर तळाला जाते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पाणी बदलता आलं नाही आणि दोन कोई गेले. यंदा ते होऊ द्यायचं नाही, म्हणून फिल्टर.

आराखडा असा: तळ्यात पंप, बाहेर कट्ट्यावर २०० लिटरची दोन निळी पिंपं. पहिल्यात गाळ बसेल. दुसऱ्यात पाणी खालून वर चढेल आणि जिवाणूंना बसायला दिलेल्या वस्तूंमधून, म्हणजे मीडियातून, जाईल. तिथून आपल्या उताराने परत तळ्यात. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांमधून अमोनिया पाण्यात येतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरं माशांना बरंचसं सोसवतं. फिल्टर म्हणजे या जिवाणूंचं घर. याहून जास्त सिद्धांत मी लिहीत नाही.

१० मार्च

भंगारवाल्याकडून एक पिंप ७०० रुपयांना आणलं. आत आधी काय होतं विचारलं तर "साबणाचं काहीतरी" एवढंच उत्तर. तीन दिवस धुतलं, उन्हात उपडं घातलं. फेस यायचा थांबला. वासही गेला.

तरी भरवसा वाटेना, म्हणून पिंपात विहिरीचं पाणी एक रात्र भरून ठेवलं, त्यातलं बादलीभर काढून तीन गप्पी सोडले. दुसऱ्या बादलीत नुसतं विहिरीचं पाणी आणि तीन गप्पी. सकाळी पहिल्या बादलीतले तिन्ही मेलेले, दुसऱ्या बादलीतले व्यवस्थित. पिंप परत कुणी घेत नाही, ७०० रुपये गेले. त्या तीन माशांचं वाईट वाटलं, पण ही तपासणी केली नसती तर सगळं तळं गेलं असतं. दोन दिवसांनी लोणच्याचा धंदा करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून दोन पिंपं ९०० रुपयांप्रमाणे घेतली. त्यांना मोहरीचा वास येतो, गप्पी मात्र त्या पाण्यात मजेत राहिले.

हे करणाऱ्यांनी खाण्याच्या जिनसांचंच पिंप घ्यावं. दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

१७ मार्च

कट्टा झाला. चिरे घरचेच उरलेले, सिमेंटचं एक पोतं, मेस्त्रींनी अर्धा दिवस काम केलं. मी त्यांना पिंपाचं वजन सांगायला विसरलो होतो. भरलेलं एक पिंप २०० किलोच्या वर जातं, दोन म्हणजे चारशेच्या वर. त्यांनीच विचारलं, "दादा, ह्येच्यार काय ठेवतलास?" आणि ऐकल्यावर खालची माती आणखी एक वीत खणून पाया घेतला.

भोकं पाडायला होल सॉ भाड्याने आणला. पिंपाची भिंत गोल, त्यामुळे टँक निपलचा, म्हणजे भोकात बसवायच्या पाइपाच्या जोडाचा, वॉशर सगळीकडून टेकत नाही. पहिल्या फिटिंगमधून पाणी ठिबकत होतं म्हणून इपॉक्सीची पुट्टी लावली. रात्रीत दगडासारखी घट्ट झाली आणि सकाळी नखाने सोलून अखंड निघाली. पिंपाच्या या प्लॅस्टिकला काहीच चिकटत नाही, ना पुट्टी, ना सोल्यूशन, ना सिलिकॉन. ते पाण्याचा पाइप पाइपला चिकटवायला ठीक.

उपाय: मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचे जाड वॉशर कापले, आतून एक आणि बाहेरून एक. निपल हाताने जेवढं फिरेल तेवढं आवळून मग पान्याने अर्धा फेरा. गळती थांबली. दोन दिवस यात गेले.

१९ मार्च

सगळ्यात महागात पडू शकली असती ती चूक आज झाली.

पंपाकडून पिंपात येणारा पाइप एक इंची. पिंपातून तळ्यात जाणाराही मी एक इंचीच घेतला. येणारं पाणी पंप ढकलतो, जाणारं पाणी नुसतं वजनाने जातं, हे डोक्यात आलंच नाही. संध्याकाळी चालू केलं तेव्हा बरोबर चाललं होतं. रात्री कधीतरी बाहेरच्या तोंडाशी एक पान अडकलं, पिंप वरून वाहू लागलं आणि पंप तळं उपसत राहिला. पहाटे आई फुलं काढायला गेली तेव्हा तळ्यात वीतभर पाणी, मासे आडवे पडून तडफडत होते. विहिरीचा पंप लावून अर्ध्या तासात दोन फूट भरलं. एकही मासा गेला नाही.

दोन बदल लगेच केले. परतीचा पाइप दोन इंची, ६४० रुपये. आणि पंप तळाशी न ठेवता दोन चिऱ्यांवर, सव्वा फूट उंच ठेवला. आता काहीही फुटलं, तुंबलं, निसटलं तरी पंप उघडा पडेल आणि माशांना सव्वा फूट पाणी उरेल. यातली दुसरी गोष्ट फुकटात होते आणि ती पहिल्याच दिवशी करायला हवी.

बादलीने प्रवाह मोजला. पंपाच्या डब्यावर ताशी ३,००० लिटर. २० लिटरची बादली परतीच्या पाइपाखाली धरली, भरायला ४१ सेकंद लागले. म्हणजे ताशी सुमारे १,७५०. डब्यावरचा आकडा पाणी अजिबात वर न चढवता असतो. चार फूट चढवलं की एवढं कमी होतंच. सगळं तळं अडीच तासांत एकदा फिल्टरमधून जातं. दोन तासांत गेलं असतं तर आवडलं असतं, पण माशांची संख्या बघता पुरेल असं धरलं.

२४ मार्च

मीडिया भरला. बाजारात प्लॅस्टिकचे खास तुकडे मिळतात, पण त्यांच्या किमती बघून थांबलो. आपल्याकडे जांभा फुकट. भोकाभोकांचा दगड, जिवाणूंना बसायला जागाच जागा. चिरे तासताना पडलेले मूठ-मूठभर तुकडे धुऊन दुसऱ्या पिंपात साधारण ८० किलो टाकले. पहिल्या पिंपात गाळ अडवायला काथ्याचा जाड थर. काथ्या शेजारच्या काकांनी दिला.

दोन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या. पुढे वाचा.

२ एप्रिल

तळ्याचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. काथ्यातलं टॅनिन उतरतंय. नऊ दिवसांत काथ्या बुळबुळीत झाला आणि खालचा थर काळा पडून कुजका वास मारू लागला. कुजणारी वस्तू जिवाणूंच्या वाट्याची हवा खाते, म्हणून सगळा काथ्या काढून माडांच्या आळ्यात टाकला. त्याच्या जागी शेडनेटची गुंडाळी करून उभी बसवली.

९ एप्रिल, पाडवा

तपासणीचे संच आले. अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि केएच (पीएच सावरून धरणाऱ्या क्षारांचं माप, म्हणजेच अल्कलिनिटी), चारही मिळून २,१०० रुपये. एवढे पैसे काचेच्या चार नळ्यांना कशाला, असं घरात सगळ्यांना वाटलं. आधी मलाही वाटलं होतं.

आजचे आकडे: अमोनिया १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम), नायट्राइट शून्य. जिवाणू अजून बसलेले नाहीत. सावंतवाडीच्या मित्राकडे सहा वर्षं चालू असलेली काचेची टाकी आहे. त्याच्या फिल्टरचा स्पंज डब्यात, त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणला आणि आपल्या मीडियाच्या पिंपात पिळला. हे विरजण.

पीएच सकाळी सातला ६.४, दुपारी तीनला ८.९. पाणी हिरवं आहे, शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून दुपारी पीएच चढतो, हे माहीत होतं. एवढा चढ-उतार का, हे मी स्वतःला विचारलं नाही. वहीत आकडा लिहिला आणि पान उलटलं. केएचचा संच तर उघडलाच नाही, पीएच कळतोय तर पुरे असं वाटलं. पुढचे सगळे हाल या पानावर आधीच लिहिलेले होते.

२० एप्रिल

अमोनिया पाव पीपीएमवर आला. नायट्राइट २ पीपीएम, नळीतलं पाणी गर्द जांभळं. पहिली जात कामाला लागली, दुसरी अजून वाढते आहे. नायट्राइट माशांच्या रक्तात जाऊन प्राणवायू वाहून न्यायची ताकद घालवतं. कोई परतीच्या धारेखाली तोंड करून उभे.

खाणं बंद. ४ किलो जाडं मीठ बादलीत विरघळवून दिवसभरात तीन वेळा थोडं थोडं टाकलं, म्हणजे हजार लिटरला साधारण एक किलो. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोई पुन्हा तळभर फिरायला लागले. एवढ्याशा मिठाने तळ्यातल्या अळूला काही झालं नाही.

२८ एप्रिल

परतीची धार अर्ध्यावर आली. बादली भरायला ८५ सेकंद. दुसऱ्या पिंपाचं खालचं झाकण सोडलं तर तांबडा चिखल. जांभ्याच्या भोकांत बसलेली चिकणमाती पाण्याने सुटत राहिली आणि तळाच्या जाळीवर तिचा चार बोटं जाड थर झाला. दगड कितीही धुवा, आतली माती बाहेरून दिसत नाही. शिवाय ८० किलो दगड साफ करायचा तर हाताने एकेक काढावा लागतो.

दगड बदलायचा ठरवला. पण जिवाणू त्याच दगडांवर बसलेत. सगळा काढला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

४ मे

निवतीच्या बंदरावर गेलो. तिथे फाटलेल्या नायलॉनच्या जाळ्यांचे ढीग पडलेले असतात. बारीक आसांची तीन जाळी मागितली, एका काकांनी "ने बाबा, आमका काय करूची?" म्हणून पोतंभर दिली. पैसे घेतले नाहीत. घरी आणून त्यातली वजनं, दोऱ्या, माशांचे खवले, एक खेकड्याचा सांगाडा काढला. तीन वेळा गोड्या पाण्यात भिजवून खारटपणा घालवला. मग कांद्याच्या जाळीदार पिशव्यांमध्ये सैल भरून सात पिशव्या केल्या.

जाळी का चांगली ते हातात घेतल्यावर कळतं. मूठभर जाळ्यात केवढा तरी धागा असतो, आणि प्रत्येक धाग्याला चहूबाजूंनी पाणी लागतं. कुजत नाही. वजन नाही. पिशवी उचलली, तळ्याच्याच पाण्यात हलवली, परत ठेवली. आणि पोतंभर जाळी किनाऱ्यावरून उठली, तिथे पडून राहिली असती तर वाऱ्याने समुद्रात जाऊन पुन्हा कुणाला तरी अडकवलं असतं.

दगड सगळा काढला नाही. चांगले, कठीण असे १५ किलो निवडून दोन पिशव्यांत भरले आणि जाळ्यांच्या मध्ये ठेवले. तीन आठवडे ते तिथेच राहतील, म्हणजे जिवाणू शेजारच्या धाग्यांवर पसरतील.

१९ मे

अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. सलग चार दिवस. चैत्र-वैशाखाच्या उकाड्याने मदत केली, पाणी ३०-३१ अंशांवर आहे आणि ऊब असली की जिवाणू भराभर वाढतात.

एक पिशवी वर काढून पाहिली. पांढऱ्या धाग्यांवर तपकिरी, गुळाच्या पाकासारखी पातळ साय आली आहे. बोटाला गुळगुळीत लागते. मातीचा, पहिल्या पावसासारखा वास. काथ्याचा वास आठवला आणि हा, दोन्हींतला फरक विसरणार नाही.

पाणी अजून हिरवंच आहे, आणि बघायला येणारे तेवढंच बघतात. जैविक फिल्टर हिरवा रंग घालवत नाही. उलट त्याने केलेलं नायट्रेट शेवाळाचं खत आहे. त्यासाठी परतीच्या वाटेवर लांबट हौद ठेवून त्यात कर्दळ, वाळा आणि अळू लावले, मुळं नुसत्या खडीत. दुपारच्या बाजूने तळ्यावर शेडनेट बांधलं. दोन गोष्टींनी महिनाभरात तळ दिसेल असा अंदाज.

१० जून

पाऊस सुरू झाला. काल दुपारी वाऱ्याने फांदी तारेवर पडली आणि वीज गेली ती १९ तासांनी आली. आली तेव्हा सकाळ होती, पंप आपोआप चालू झाला. मी झोपेत.

पिंपातल्या साठलेल्या पाण्यातला प्राणवायू जिवाणूंनी काही तासांतच संपवला असणार. मग आत जे कुजलं ते सगळं काळं पाणी पंपाने तळ्यात ढकललं. सड्या अंड्यांचा वास मागीलदारभर. दोन गोल्डफिश गेले.

आता पंपाचं बटण असं केलंय की वीज आल्यावर आपोआप सुरू होत नाही. वीज गेली की आधी मीडियाच्या पिंपाचा तळाचा व्हॉल्व उघडून पाणी सोडून द्यायचं. ओल्या जाळ्यांना हवा लागत राहते आणि जिवाणू बुडून घुसमटण्यापेक्षा उघड्यावर जास्त टिकतात. तळ्यासाठी स्कूटरची बॅटरी आणि १२ व्होल्टचा हवेचा पंप, मिळून १,९०० रुपये. ही खरेदी मे महिन्यात व्हायला हवी होती. कोकणात राहून जूनमध्ये वीज जाणार हे कुणी सांगायला लागत नाही.

२२ जून

अमोनिया १ पीपीएम. दोन दिवसांनी पाहिलं, दीड. मासे खात नाहीत. पाठीवर तांबडा ठिपका असलेला पांढरा कोई, जो हातातून दाणे घ्यायचा, कोपऱ्यात तळाला टेकून बसलाय. पंख अंगाशी मिटलेले, अंगावर दुधट चिकटा.

मी धरून चाललो की वीज गेली त्या रात्री जिवाणू मेले. बाजारातून जिवाणूंची बाटली आणली, ६५० रुपये. सांगितल्याप्रमाणे तीन दिवस टाकली. चौथ्या दिवशी अमोनिया २.

३० जून, रविवार

मावसभाऊ कोळंबीच्या प्रकल्पावर काम करतो. त्याला फोन केला, अमोनिया सांगितला, पीएच ६ सांगितला. तो मधेच म्हणाला, "दादा, पीएच ऱ्हवांदे. अल्कलिनिटी किती ता सांग."

केएचचा संच एप्रिलपासून, म्हणजे आणल्यापासून, फडताळात तसाच. नळीत ५ मिली पाणी घेतलं. या संचात पहिल्या थेंबाने पाणी निळं होतं, आणि ते पिवळं व्हायला जितके थेंब लागतात तितके अंश. एक अंश म्हणजे सुमारे १८ पीपीएम. मी पहिला थेंब टाकला आणि पाणी निळं झालंच नाही. सरळ पिवळं. पुन्हा केलं, पुन्हा पिवळं. शून्य.

मग विहिरीचं पाणी तपासलं. दोन थेंब.

भावाने फोनवरच हिशोब मांडला, तो इथे देतो, कारण मला जे चार महिने कळलं नाही ते या चार ओळींत आहे. जिवाणू १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवतात तेव्हा पाण्यातली सुमारे ७ ग्रॅम अल्कलिनिटी खर्ची पडते. मी रोज ३० ग्रॅम खाणं टाकतो, त्यातून साधारण १ ग्रॅम नायट्रोजन येतं. म्हणजे रोज ७ ग्रॅम. माझ्या तळ्यात दोन अंशांनी, म्हणजे लिटरमागे ३६ मिलिग्रॅमने, जेमतेम १५० ग्रॅम साठा होता. तीन आठवड्यांची शिदोरी. एप्रिल-मे मध्ये उन्हाने उडालेल्या पाण्याची भर विहिरीतून पडत होती म्हणून ओढत नेलं. शिदोरी संपली, पीएच घसरला, आणि पीएच सहाच्या आसपास गेला की हे जिवाणू काम टाकतात. मेलेले नव्हते, उपाशी होते.

त्यात पाऊस. सिंधुदुर्गात हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. माझ्या ६० चौरस फूट तळ्यावर तीन मीटर पाऊस म्हणजे सुमारे १६,७०० लिटर. तळं जवळजवळ चार वेळा कोऱ्या पाण्याने धुतलं जातं. वर पडवीच्या पत्र्याची पागोळी थेट तळ्याच्या कडेला पडत होती, ती वेगळीच.

देशावरचे, बोअरचं जड, क्षारांचं पाणी वापरणारे लोक हेच पिंप लावतात आणि त्यांना हा प्रश्न येत नाही. त्यांचं पाणी बघून केलेला आराखडा जांभ्याच्या मुलखात तसाच्या तसा चालणार नाही. एप्रिलमधला तो ६.४ ते ८.९चा झोका हेच ओरडून सांगत होता. झेलायला काही नसलं की पीएच असा झुलतो.

१ ते ५ जुलै

घाई करायची नाही, हे भावाने तीनदा बजावलं. कारण पीएच कमी असताना पाण्यातला अमोनिया बहुतेक निरुपद्रवी रूपात असतो. पीएच ७ला विषारी भाग शंभरात एकाहून कमी, ८ला सहा-सात, ९ला चाळीसच्या आसपास. दोन पीपीएम अमोनिया असताना एकदम चुना ओतला तर तासाभरात सगळे मासे जातील. चुन्याची निवळीसुद्धा नको.

आधी विहिरीच्या पाण्याने तिसरा हिस्सा बदलला. विहीर आता भरलेली आहे. ग्रामपंचायतीच्या माणसाने विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली की पुढे चार दिवस मी तिचं पाणी तळ्यात घेत नाही, क्लोरीन माशांना आणि जिवाणूंना दोघांनाही मारतं. मग रोज संध्याकाळी १०० ग्रॅम खायचा सोडा बादलीत विरघळवून पिंपात. एवढ्याने माझ्या तळ्याचा केएच पाऊण अंशाच्या आसपास चढतो. रोज सकाळी मोजायचं. ५ तारखेला केएच ३, पीएच ७.१. अमोनिया १.

पागोळीला अर्धा पाइप लावून पाणी माडांकडे वळवलं. यात सोड्याचा खर्च ४० रुपये. बाटलीचे ६५० आठवले.

७ जुलै

सोडा रोज किती दिवस टाकणार? तसं भागणार नाही. काहीतरी सावकाश विरघळत राहील असं हवं.

हे आईने सोडवलं. मी जेवताना बोलत होतो, ती म्हणाली, पूर्वी चुना शिंपल्यांचाच भाजायचे, मग शिंपल्याच घाल की. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आंबट व्हायला लागलं की विरघळते, पाणी सावरलं की थांबते. आपलं माप आपण ठेवते.

खाडीकाठी तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, सोलून टाकलेल्या कवचांचा ढीग असतो. दोन पोती आणली. उकळत्या पाण्यातून काढून चिकटलेलं मांस खरवडलं, चुलीच्या उबेला वाळवल्या, गोणपाटात घालून हातोडीने एका शिंपलीचे तीन-चार तुकडे होतील एवढ्याच फोडल्या. पीठ करू नये, वाहून जातं. ६ किलो मोजून कांद्याच्या पिशवीत भरल्या आणि पहिल्या पिंपातून दुसऱ्यात पाणी जातं तिथे, धारेत, टांगल्या. साठलेल्या पाण्यात ठेवून उपयोग नाही.

२१ जुलै

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. केएच ३, पीएच ७.२, सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा जवळपास तोच. सोडा १२ तारखेनंतर एकदाच टाकला, दोन दिवसांच्या मुसळधार पावसानंतर. शिंपल्यांवर बुळबुळीत थर बसतो, मग त्या विरघळत नाहीत, म्हणून दर रविवारी पिशवी पाण्यात धरून जोरात हलवतो.

तांबड्या ठिपक्याचा कोई काल वर आला. एक दाणा तोंडात घेतला, बाहेर टाकला, पुन्हा घेतला आणि गिळला. मी तिथेच पावसात उभा राहिलो.

८ सप्टेंबर

काल चतुर्थी. घरात बावीस माणसं, त्यातली नऊ मुलं, आणि सगळी मुलं मागीलदारी. चुरमुरे, मोदकाचं सारण, काकडी, काय काय तळ्यात गेलं ते सांगता येत नाही. मुलांना ओरडलो नाही. रात्री अमोनिया पाव पीपीएम. आज संध्याकाळी शून्य. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी आकडा बघून निवांत झोपलो.

तळ दिसतो. कर्दळ माझ्या खांद्याला लागली आहे.

२९ सप्टेंबर

खर्च, वहीतून उतरवून: तीन पिंपं २,५००. पंप २,४००. पाइप आणि फिटिंग, बदललेल्यांसकट, २,४९०. कट्टा ९००. तपासणी संच २,१००. बाटली ६५०. बॅटरी आणि हवेचा पंप १,९००. निवतीला जायचं-यायचं पेट्रोल आणि किरकोळ ३००. मीठ-सोडा २६०. एकूण १३,५००. यातले फुकट गेलेले १,७००: खराब पिंप, बाटली आणि एक इंची परतीचा पाइप. पंप ४५ वॉटचा, दिवसरात्र चालतो, महिन्याला ३२ युनिटच्या आसपास.

पहिल्यापासून करायचं तर मी केएच संच आधी घेईन आणि पिंप नंतर.

आज शिंपल्यांची पिशवी काढून, निथळून, वाळवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. जुलैत ६ किलो होती. ५ किलो १०० ग्रॅम भरली. कडा पातळ होऊन कागदासारख्या झाल्यात, काही तुकडे बोटाने दाबले की मोडतात. नऊशे ग्रॅमची भर घालून पिशवी परत धारेत टांगली. काल तिसऱ्यांचं सुकं केलं होतं, त्या शिंपल्या आईने धुऊन पायरीवर वाळत घातल्या आहेत.